दोन मिलिमीटरचा हिशेब

प्रौढ वयात दातांना तारा लावण्याची चौकशी करायला आलेला माणूस तक्रार सांगताना शब्द कमी आणि बोट जास्त वापरतो. वरचा ओठ किंचित उचलून तो पटाशीच्या दोन मोठ्या दातांमधल्या रेघेवर नख टेकवतो आणि म्हणतो, ‘ही मधोमध नाहीये.’ पुण्यात ऑर्थोडॉन्टिक्सचं काम करणाऱ्याला हे बोट आता रोजच दिसतं, आणि त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातली माणसं कामाच्या बैठका पडद्यावर घेतात आणि तासन् तास स्वतःचा चेहरा एका लहानशा चौकोनात पाहतात. त्यात एक गोष्ट घडते, जी त्यांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. स्वतःच्या चौकोनातला चेहरा बहुधा आरशातल्यासारखा दिसतो, दुसऱ्याने काढलेल्या फोटोत मात्र तो डावा-उजवा बदलून समोर येतो. ज्याची रेघ आरशात दोन मिलिमीटर उजवीकडे असते, त्याला फोटोत ती तेवढीच डावीकडे गेलेली दिसते. सवयीच्या चेहऱ्याशी तुलना होते तेव्हा डोळ्याला फरक चार मिलिमीटरचा वाटतो. अस्वस्थता खरी असते, आणि प्रश्नही सरळ असतो: ‘या वयात सरळ होईल का?’

होईल. हिरडी आणि हाड निरोगी असेल तर दात कोणत्याही वयात सरकतात. वयाबरोबर थांबते ती जबड्याची वाढ; दाताच्या मुळाभोवतीचं हाड एका बाजूने झिजण्याची आणि दुसऱ्या बाजूने भरून येण्याची क्रिया थांबत नाही. पण एवढं उत्तर देऊन कामाला लागणं मला वर्षागणिक अपुरं वाटत गेलं आहे. प्रौढ माणसाची मध्यरेषा, म्हणजे हीच दोन दातांमधली रेघ, दोन-अडीच मिलिमीटरच्या आत सरकलेली असेल, तर तिला मध्यावर आणणं हे उपचाराचं ध्येय असू नये, असं माझं मत बनलं आहे. ती का सरकली हे आधी शोधावं, आणि ती हलवताना दुसरं काय वाकडं होईल याचा हिशेब मांडावा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की मगच तार, पारदर्शक अलाइनर, दाताच्या रंगाचं सिमेंट किंवा काहीच नाही, यांतला पर्याय निवडण्यात अर्थ आहे.

शोध सुरू होतो तो अगदी साध्या साधनाने. माणसाला खुर्चीत न रेलता ताठ बसवायचं, नजर समोर ठेवायला सांगायची, आणि दात साफ करायचा दोरा दोन्ही हातांत ताणून त्याच्या चेहऱ्यासमोर उभा धरायचा. वरचं टोक दोन भुवयांच्या मध्ये, मधला भाग वरच्या ओठाच्या खाचेवर, खालचं टोक हनुवटीच्या मध्यावर. नाक प्रमाण धरायचं नाही, कारण नाकाचं टोक पुष्कळ लोकांचं कलतं असतं. या दोऱ्याच्या मागे चार गोष्टी दिसतात: वरच्या दातांची रेघ, खालच्या दातांची रेघ, हनुवटी, आणि ओठांचे दोन कोपरे एका पातळीत आहेत की नाहीत. मग तोंड हळूहळू उघडायला सांगायचं आणि तितकंच हळू मिटायला सांगायचं. उघड्या तोंडात खालची रेघ दोऱ्यावर असेल आणि दात मिटताना शेवटच्या क्षणी जबडा एका बाजूला घसरत असेल, तर रेघ सरकलेली नाही, जबडा सरकतो आहे. कुठला तरी एक दात आड येतो आणि जबडा त्याला वळसा घालून बसतो. उघडतानाही हनुवटी बाजूलाच असेल तर प्रश्न जबड्याच्या हाडाचा किंवा सांध्याचा असू शकतो. दोन्ही वेळा हनुवटी मध्यावर आणि फक्त दात बाजूला असतील, तर मामला दातांपुरताच. या तीन प्रकारांतल्या माणसांनी आरशात पाहिलेली रेघ हुबेहूब सारखी असू शकते, पण त्यांच्या उपचारांत काहीही सारखं नसतं. तोंड न उघडता, केवळ फोटो पाहून दिलेल्या सल्ल्यावर माझा विश्वास नाही तो यामुळे.

आता मुळात किती माणसांच्या रेघा जुळतात हे पाहू. १९७९ साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मोजणी आमच्या अभ्यासक्रमात आजही सांगितली जाते. वरच्या दातांची मध्यरेषा ओठाच्या खाचेशी जुळते अशी माणसं सुमारे ७० टक्के निघाली. वरची आणि खालची रेघ एकमेकींशी जुळत नाही अशी माणसं जवळजवळ तीन चतुर्थांश. म्हणजे वरची-खालची रेघ न जुळणं हीच सर्वसाधारण अवस्था आहे, जुळणं हा अपवाद. बघणाऱ्याला हा फरक कधी खटकतो यावरही अभ्यास झाले. १९९८मध्ये बेयर आणि लिंडॉअर यांना चालण्याजोग्या फरकाची सरासरी मर्यादा २.२ मिलिमीटर आढळली. १९९९मध्ये जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन मिलिमीटरला सामान्य माणसाने कमी गुण देण्याची शक्यता ५६ टक्के, तर ऑर्थोडॉन्टिस्टने देण्याची ८३ टक्के. त्याच वर्षी कोकिच आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष आणखी पुढे गेला: ऑर्थोडॉन्टिस्टांनाही सरकलेली रेघ चार मिलिमीटर होईपर्यंत खटकली नाही, आणि सामान्य माणसांच्या व इतर दंतवैद्यांच्या ती चार मिलिमीटरलाही लक्षात आली नाही. या आकड्यांत तफावत आहे ती अभ्यासाच्या पद्धतींमुळे, आणि हे सगळे अभ्यास स्थिर फोटोंवर, परदेशात झालेले आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही सगळ्यांचा कल एकाच दिशेला आहे. दोन मिलिमीटर ही सीमारेषा आहे आणि तिच्या आतला फरक प्रामुख्याने आम्हाला, म्हणजे आयुष्यभर रेघा बघणाऱ्यांना दिसतो. मग आमच्या डोळ्याचं माप आम्ही समोरच्या माणसाच्या मनात उतरवावं का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

कोकिच यांच्या त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावर फिरतो. दात मध्यापासून सरकलेले कुणाच्या लक्षात आले नाहीत; पण दातांचा कल बदलला, म्हणजे पटाशीचे दात उभे न राहता एका बाजूला झुकले, तेव्हा दोनच मिलिमीटरचा फरक तिन्ही गटांना, सामान्य माणसांनासुद्धा, खटकला. दारावरचं तोरण इंचभर बाजूला बांधलं तर पाहुण्याला कळत नाही, पण त्याचं एक टोक वर आणि एक खाली असलं तर उंबऱ्यातच कळतं. डोळा उभी रेघ उभी आहे का आणि आडवी आडवी आहे का हे पाहतो. ती नेमक्या मध्यावर आहे का हे फारसं पाहत नाही. आता दात हलवण्याची रीत लक्षात घ्या. दाताच्या दिसणाऱ्या भागाला बाजूने ढकललं की दात आधी झुकतो, कारण मूळ हाडात रुतलेलं असतं. तो उभा ठेवून मुळासकट सरकवायचा तर अधिक वेळ, अधिक नेमकी तार आणि अधिक आधार लागतो. घाईच्या उपचारात रेघ मध्यावर येते, पण तिथपर्यंत ती दात झुकवून आलेली असते. ज्या दोन मिलिमीटरकडे कुणाचं लक्ष नव्हतं त्यांच्या बदल्यात आपण लोकांना दिसणारा कल देतो. हा सौदा तोट्याचा आहे.

आमच्या शास्त्राच्या मोजपट्ट्या काय म्हणतात तेही पाहू. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२मध्ये कधीही तारा न लावलेल्या १२० उत्तम दंतपंक्तींचे साचे तपासून चांगल्या चाव्याची सहा लक्षणं मांडली. दाढांचं नातं, दातांचा कल, पुढे-मागे झुकाव, पीळ नसणं, फटी नसणं, चाव्याची पातळी. मध्यरेषा त्यांत नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिक बोर्डाच्या मोजपट्टीत पूर्ण झालेल्या उपचाराला गुण देताना ज्या आठ गोष्टी मोजतात, त्यांतही ती नाही. मुळं समांतर आहेत का, हे मात्र आहे. माझ्या म्हणण्याला छेद देणारा पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या ‘पार’ निर्देशांकात मध्यरेषेला वेगळे गुण आहेत आणि त्यांना चारपट वजन आहे. पण तिथेही खालच्या पटाशीच्या दाताच्या पाव रुंदीपर्यंतचा फरक शून्य धरला जातो. तो दात साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटरच्या पुढे गेल्याशिवाय ती मोजपट्टीही तक्रार करत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर एक धोका उभा राहतो: ‘किरकोळ आहे, सोडून द्या’ असं म्हणून माणसाला परत पाठवणं. तेही चूकच, आणि माझ्या लेखी जास्त मोठी चूक. कारण प्रौढ वयात रेघ नव्याने सरकली असेल तर ती निरोप घेऊन आलेली असते. शाळेपासून तशीच असलेली रेघ आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हललेली रेघ यांचा एकमेकींशी संबंध नाही. म्हणून जुने फोटो मागवायचे. कॉलेजचं ओळखपत्र, लग्नाचा अल्बम, हसतानाचा कुठलाही समोरून काढलेला फोटो. त्यात रेघ मध्यावर असेल आणि आज नसेल तर पहिली शंका हिरडीची. हिरड्यांच्या आजाराने हाड झिजलं की दात पसरतात, पुढे येतात, बाजूला सरकतात, आणि हे इतकं सावकाश होतं की रक्त येणं, दुर्गंधी, हलणारा दात यांच्या आधी कधीकधी फोटोतली रेघच खटकते. आपल्याकडे मिश्री लावण्याची जुनी सवय आहे, तंबाखू आहे, आणि मधुमेह घराघरांत आहे. तिन्ही हिरडीचे शत्रू. अशा तोंडात तार किंवा अलाइनर बसवणं म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणं. आधी हिरडीचे उपचार, मग काही महिने वाट पाहणं, मग पुन्हा मोजणं. दुसरी शंका गेलेल्या दाढेची. खालची एखादी दाढ काढून ती जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली तर शेजारचे दात त्या पोकळीत कलतात आणि पुढच्या दातांनाही ओढ लागते. तिसरी शंका दुर्मीळ पण गंभीर: जबड्याच्या सांध्याचं एका बाजूचं टोक उशिरापर्यंत वाढत राहणं. तिथे हनुवटी वर्षागणिक बाजूला जात राहते, आणि वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत दात हलवण्यात अर्थ नसतो.

समजा, या सगळ्या शंका फिटल्या. हिरड्या निरोगी, जबडा मध्यावर, खालची रेघ जुनीच, दोन मिलिमीटर डावीकडे. आता कोणते पर्याय आहेत? इथे हिशेब बोटांवर मांडून दाखवला तर माणसाला खरी समज येते. पुढचे चार दात दोन मिलिमीटर उजवीकडे न्यायचे तर उजवीकडे तेवढी जागा हवी. दात न काढता ती मिळवण्याचा मार्ग म्हणजे दातांच्या कडा घासून बारीक करणं. धातूची कागदासारखी पातळ, एका बाजूला खरखरीत पट्टी दोन दातांच्या मधे सरकवायची आणि पुढे-मागे ओढायची. दुखत नाही, पण हाडातून कानापर्यंत करवतीसारखा आवाज जातो आणि माणूस खुर्चीचे हात घट्ट धरतो. एका फटीत साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक दाताचा पाव; कडेचं बाह्य कवच जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं, त्याहून जास्त घेणं बरोबर नाही. मग जाडी मोजायच्या पट्टीने तपासायचं, कड गुळगुळीत करायची, फ्लोराइड लावायचं. उजव्या सुळ्यापासून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत, सुळ्याच्या पुढची फट धरून अशा चार जागा मिळतात: चार अर्धे म्हणजे दोन. मग दुसरी उपदाढ अर्धा मिलिमीटर मागे, पहिली उपदाढ एक, सुळा दीड, आणि तेव्हा कुठे पुढचे दात दोन. आणि डावीकडे? तिथे तेवढीच दोन मिलिमीटरची जागा उघडी पडते. डावा सुळा आधीच दाटीत बाहेर ढकलला गेला असेल तर ती जागा त्याच्या उपयोगी पडते, आणि मग हा उपचार मी मनापासून सुचवतो, कारण एका हालचालीत दाटीही सुटते. डावीकडे दाटी नसेल तर डावीकडच्या उपदाढा आणि दाढासुद्धा पुढे ओढाव्या लागतात. म्हणजे जी रेघ कुणाला दिसत नव्हती, तिच्यासाठी पूर्ण जबड्यातले दात हलवायचे. ‘फक्त पुढचे दोन दात जरा सरकवा’ अशी मागणी कितीही साधी वाटली तरी दात एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे असतात. रांगेतला एक सरकायचा तर मागच्यांना हलावं लागतं.

हालचाल कशाने करायची, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि चौकशीला आलेले लोक बहुधा त्याच्यापासूनच सुरुवात करतात. पारदर्शक अलाइनर मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या कामाला चांगले आहेत. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर नेतो, रोज २२ तास तोंडात ठेवायचा, खाताना काढायचा. पण संगणकावर दिसणारी शेवटची हसरी दंतपंक्ती म्हणजे आराखडा असतो, आश्वासन नव्हे. क्रॅव्हिट्झ यांच्या २००९च्या अभ्यासात ठरवलेल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात उतरल्या. २०२०मध्ये त्याच मार्गाने पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ५० वर आला. सुधारणा झाली, पण उरलेला अर्धा भाग म्हणजे नवी मापं, नवे ट्रे, आणखी काही महिने. मुळासकट हालचाल हे अलाइनरचं दुबळं अंग आहे, आणि दात झुकतात कुठे, तर तिथेच. दाताला चिकटवलेल्या तारांनी, मग त्या धातूच्या असोत, दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या असोत की जिभेच्या बाजूने लावलेल्या असोत, मुळावर जास्त ताबा राहतो. रबर लावून एका बाजूला ओढण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. पण तिरकं रबर दातांना बाजूला नेतानाच वर-खालीही ओढतं, आणि सांभाळलं नाही तर चाव्याची आडवी पातळीच कलते. ऑर्थोडॉन्टिस्ट आणि दंतवैद्यांच्या डोळ्याला ती मिलिमीटरभर कलली तरी दिसते. हाडात बसवायचे छोटे स्क्रू, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. जागा बधिर करून बसवतात, काम झालं की काढतात, आणि त्यांच्या आधाराने एकाच बाजूचे दात मागे नेता येतात. शंभरातले साधारण तेरा-चौदा सैल होऊन पुन्हा बसवावे लागतात, हेही आधीच सांगायला हवं.

एक पर्याय मुद्दाम वेगळा काढतो, कारण तो स्वतःच एक पुरावा आहे. खालच्या पुढच्या दातांत फार दाटी असेल आणि वरचे दात नीट असतील, तर काही प्रौढांमध्ये खालचा पटाशीचा एक दात काढून बाकीचे तीन सरळ करतात. योग्य माणसात निकाल सुंदर लागतो. पण चारातले तीन उरले की खाली मध्यरेषाच उरत नाही. वरची रेघ खालच्या मधल्या दाताच्या बरोबर पोटावर येते. जाणीवपूर्वक, शास्त्राला धरून केलेल्या उपचाराचा शेवट असा होतो आणि ती माणसं समाधानाने जगतात. हसताना खालचे दात झाकलेले असतात. मध्यरेषा जुळणं आरोग्याला आवश्यक असतं तर हा उपचार पाठ्यपुस्तकात आलाच नसता.

मध्यरेषा सरकण्याचं कारण दाताचा आकार असेल, म्हणजे शेजारचा एक दात जन्मतःच खुंटीसारखा बारीक असेल, तर त्याला दाताच्या रंगाच्या सिमेंटने योग्य रुंदी देणं आणि सोबत थोडी हालचाल, हा फार समंजस मार्ग आहे. वेन बोल्टन यांनी १९५८मध्ये दाखवून दिलं की खालच्या पुढच्या सहा दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्क्यांच्या आसपास असली तरच ते नीट बसतात. आकारातच उणीव असेल तर तार ती भरून काढू शकत नाही. मात्र निरोगी, पूर्ण आकाराच्या दातांवर व्हिनियरचा पातळ थर चढवून, कडा इकडच्या तिकडे करून ‘पंधरा दिवसांत मध्यरेषा’ ही कल्पना मला पटत नाही. त्यासाठी घासलेलं कवच परत येत नाही, मूळ जिथे होतं तिथेच राहतं, आणि व्हिनियर काही वर्षांनी बदलावं लागतं.

मला विचारतात, ‘चेहरा माझा आहे, मला खटकतं, एवढं कारण पुरेसं नाही का?’ आहे. मी कितीही अभ्यास पुढे ठेवले तरी बघणाऱ्याला काय दिसतं आणि जगणाऱ्याला काय बोचतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. माझा आग्रह इतकाच, की निर्णय पूर्ण माहितीवर व्हावा. चिकटवलेल्या तारांचा पूर्ण उपचार सरासरी वीस महिने चालतो. मुळांची टोकं थोडीफार झिजतात. प्रौढांमध्ये दाटीचे दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ काळे त्रिकोण उघडे पडू शकतात. कर्थ आणि कोकिच यांना २००१मध्ये ते ३८ टक्के प्रौढांमध्ये आढळले. जो माणूस दोन मिलिमीटरने अस्वस्थ होतो, त्याला हे त्रिकोण चालतील का, हे त्यालाच विचारलं पाहिजे, आणि सुरू करण्याआधी विचारलं पाहिजे. दुसरी भीती सांध्याची असते: रेघ सरळ केली नाही तर जबडा दुखेल, आवाज येईल, डोकं दुखेल. किरकोळ सरकलेल्या मध्यरेषेने सांध्याचा आजार होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. या भीतीवर उपचार विकले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सांधा दुखत असेल तर सांध्याची तपासणी करावी, रात्री दात आवळण्याची सवय आहे का ते पाहावं. जबडा मिटताना घसरतो तिथे मात्र गोष्ट वेगळी, तिथे आड येणारा दात शोधून उपचार करायलाच हवा.

व्यवसायातल्या मंडळींचाही एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे: तारा लावल्याच आहेत, तर रेघ मध्यावर का आणू नये? दाटीसाठी, पुढे आलेल्या दातांसाठी उपचार चालूच असेल तर जरूर आणावी. दाढांचं नातं तपासायला मध्यरेषा हा उत्तम निदर्शक आहे. ती जुळत नसेल तर कुठेतरी एका बाजूचा हिशेब चुकलाय, हे ती सांगते. पण शेवटच्या मिलिमीटरसाठी आणखी सहा महिने तारा ठेवणं, त्या काळात दातांवर पांढरे डाग आणि हिरड्यांना सूज पत्करणं, हे मला मान्य नाही. तिथे थांबायचं आणि का थांबलो हे केसपेपरवर लिहून ठेवायचं.

पुण्यात या विषयाचं शिक्षण मिळण्याची सोय चांगली आहे. धनकवडीचं भारती विद्यापीठ, वडगाव बुद्रुकचं सिंहगड, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील ही दंत महाविद्यालयं जवळ आहेत. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात तिथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी पडतो आणि तपासणी घाईत होत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. ज्याला दुसरं मत हवं आहे त्याने ते अशा ठिकाणी घ्यावं. घरी माप घ्यायचं किट मागवून, डॉक्टरला न भेटता अलाइनर घेण्याचा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही या पद्धतीची सर्वांत मोठी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि तिचे रुग्ण अर्ध्या उपचारात अडकले. पैशांच्या नुकसानीपेक्षाही मला त्यात मोठी गोष्ट दिसते: त्या पद्धतीत दोरा धरून तोंड उघडायला सांगणारं कुणी नसतं.

राहिलं ते नंतरचं. लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांना, दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर थांबवल्यानंतर दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा बिघडले होते. ते प्रौढ नव्हते, उपचार झाले तेव्हा वाढत्या वयातले होते. पण दात जुन्या जागेकडे ओढ घेतात हे प्रौढांनाही लागू आहे. म्हणून खालच्या सहा दातांच्या मागे एक बारीक वळवलेली तार चिकटवतात. पहिले दोन दिवस जीभ सारखी तिथे जाते, मग विसरते. तिच्याखाली टार्टर लवकर साठतं, तेव्हा दर सहा महिन्यांनी सफाई. एखाद्या दातावरून ती सुटली तर आवाज होत नाही, दुखत नाही, आणि तो एकटा दात सावकाश फिरू लागतो. वरच्यासाठी रात्री घालायची पारदर्शक क्लिप, पहिल्या वर्षी रोज, मग आठवड्यातून काही रात्री, किती वर्षं या प्रश्नाला ‘दात तोंडात आहेत तोपर्यंत’ हेच उत्तर. चौकशीच्या पहिल्याच भेटीत ही तार आणि ही क्लिप माणसाच्या तळहातावर ठेवायला हवी, दोऱ्याने मोजून झाल्यावर लगेच, पर्यायांचं एक अक्षरही बोलण्याआधी.